ताटाचा आरसा

माझ्यावर आळ घेतला तो एका आरशाने. माणसाने घेतला असता तर मी भांडले असते. शाळेत पोरांशी आणि घरी सगळ्यांशी भांडून तेवढा सराव मला आहे. पण आरशाशी काय भांडणार? तो काही बोलतही नाही. तो फक्त दाखवतो, आणि मग बाकीचे तुमच्याकडे बघतात.

आरसा माझ्या नणंदेचा. मेघनाताई म्हणजे माझ्या नवऱ्याची, शिरीषची, थोरली बहीण. सांगलीत विश्रामबागेत तिचं पार्लर आहे. तिथे बाटलीतलं काही वापरत नाहीत. मसुराचं पीठ, ज्येष्ठमध, संत्र्याची साल, आंबेहळद, सगळं तिथेच दळायचं आणि तिथेच कालवायचं. तिच्या हाताला गुण आहे, हे मी तिच्यावर रागावलेली असतानाही मान्य करते. पण नुसत्या लेपावर गिऱ्हाईक टिकेना, तेव्हा तिनेही इतर पार्लरांसारखा तो आरसा बसवून घेतला. कंपनीने त्याला काहीतरी भारदस्त नाव दिलं होतं. लोक त्याला ताटाचा आरसा म्हणतात.

मी विज्ञान शिकवते, त्यामुळे तो कसा चालतो हे मला माहीत आहे. आपली कातडी रोज थोडी झडते आणि खालून रोज थोडी नवी येते. तळाशी तयार झालेली पेशी वर पोचायला साधारण महिना लागतो. त्या महिन्यात आपण जे खातो त्याच्या खुणा कातडीत उरतात. भोपळा, गाजर, पालक यांतली पिवळी-केशरी द्रव्यं तेलातुपाच्या आधाराने आतड्यातून रक्तात जातात आणि रक्तातून कातडीत येऊन बसतात. जास्तीची साखर कातडीतल्या प्रथिनांना चिकटते, ती मग सुटता सुटत नाही. आरसा चेहऱ्यावर निरनिराळ्या रंगांचा प्रकाश आळीपाळीने टाकतो. प्रत्येक खूण तो प्रकाश किंचित बदलून परत पाठवते. परत आलेल्या प्रकाशावरून यंत्र ठरवतं की या माणसाने गेल्या महिन्यात काय काय खाल्लं. जे दिसत नाही ते अंदाजाने भरतं. हा अंदाज बहुतेक वेळा बरोबर निघतो, म्हणून तर सगळे त्याला घाबरतात.

काचेच्या अर्ध्या भागात तुमचा चेहरा दिसतो आणि अर्ध्या भागात स्टीलचं ताट. डावीकडे कोशिंबीर, उजवीकडे भाजी, मध्ये भात, पोळी, वाटीत वरण. जे भरपूर खाता ते भरभरून दिसतं. जे खात नाही तिथे नुसतं चकचकीत स्टील.

सुरुवातीला गंमत वाटायची. मधुमेही गृहस्थांच्या ताटात जिलबी निघायची आणि बायको शेजारीच उभी असायची. मग गंमत संपली. स्थळ बघताना पत्रिकेबरोबर ताट मागू लागले. सासू-सुना, जावा-जावा एकत्र पार्लरमध्ये यायच्या आणि एकीच्या ताटात भाजीची रास आणि दुसरीच्या ताटात लोणच्याची फोड दिसायची. एकाच घरातलं, एकाच हातचं जेवण. त्या दोघी पैसे देऊन बाहेर पडायच्या तेव्हा एकमेकींशी बोलत नसायच्या. मेघनाताई मला हे रंगवून सांगायची आणि मी हसायचे.

पुढे कायदा आला. सत्तरीच्या पुढच्या माणसाचं ताट फारच रिकामं दिसलं, तर आरशाने आपोआप ज्येष्ठ आधार केंद्राला कळवायचं. म्हाताऱ्यांना उपाशी ठेवणारी घरं त्यामुळे सापडली, हे खरं आहे. हेतू चांगलाच होता.

माझ्या सासूबाई, म्हणजे विजयाताई, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. शरीर पहिल्यापासून ताठ, नाक त्याहून ताठ. गेल्या वर्षापासून त्या वाळत चालल्या होत्या. ब्लाउज सैल, बांगड्या कोपरापर्यंत सरकणाऱ्या. आणि कोपरांवर खाज. बारीक बारीक फोड यायचे, त्या खाजवून खाजवून रक्त काढायच्या. मेघनाताईने सांगितलं, उष्णता आहे. तिने कडुनिंबाचा लेप लावला, मग मुलतानी माती, मग दुधात भिजवलेला गव्हाचा कोंडा. दोन दिवस थंड वाटायचं, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

मी शिरीषला म्हणाले, "डॉक्टरकडे नेऊ या. जेवतात नीट, पण अंगी लागत नाही त्यांच्या."

"वय झालं गं आता," तो म्हणाला. "बघू."

शिरीषचं बघू म्हणजे संपलं. मग माझ्या मागे परीक्षा लागल्या, पेपर लागले, आणि मीही बघूच म्हणायला लागले. एवढी गोष्ट माझ्या खात्यावर आहे.

त्या दिवशी मी सासूबाईंना घेऊन पार्लरमध्ये गेले ती कोपरांना लेप लावायला. मेघनाताईने सहज म्हटलं, "आई, बस इथे, तुझं ताट तरी बघू." तिने स्पिरिटच्या बोळ्याने त्यांचा चेहरा पुसला, कारण चेहऱ्यावर हळद किंवा पावडर राहिली तर आरसा फसतो. सासूबाईंनी फोटोला बसावं तशी मान सरळ केली. निळा प्रकाश आला, जांभळा आला, मग काच क्षणभर काळी झाली.

ताट उमटलं. कोशिंबिरीची जागा रिकामी. भाजीची रिकामी. वरणाची वाटी पालथी घातल्यासारखी कोरडी. मध्ये मूठभर भात आणि कडेला साखरेचा ठिपका, बहुधा चहातली.

पार्लरमध्ये आणखी दोघी बसल्या होत्या. त्यांनी आधी ताटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"वृंदा," मेघनाताई म्हणाली, "हे काय आहे?"

"मला काय माहीत? परवाच भोपळ्याची भाजी होती. रोज वरण असतं. ताई, त्या खातात, पण अंगी लागत नाही. मी कधीची सांगतेय."

"अंगी लागायला आधी पोटात जावं लागतं," मेघनाताई म्हणाली.

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी फक्त एवढंच म्हणायला हवं होतं की, अगं मेघना, वृंदा वाढते मला. एका वाक्याचं काम. त्या उठल्या, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "चला, रिक्षा मिळायची नाही नंतर."

घरी येईपर्यंत माझ्या फोनवर केंद्राचा निरोप आला होता.

आता खरं सांगते, त्यानंतरच्या आठवड्यात माझा माझ्यावरचाच विश्वास उडाला. आरसा खोटं बोलत नाही हे मीच नववीच्या वर्गात शिकवते. मग काय होतंय? मी त्यांच्या शेजारी बसून त्या जेवताना बघायला लागले. पोळी मोडतात, भाजी लावतात, तोंडात घालतात, गिळतात. मी उठले की टाकून देतात का? मी कचऱ्याचा डबा उपसून पाहिला. खिडकीखाली जाऊन पाहिलं. कुंड्यांत पाहिलं. त्यांना ते कळत होतं. माझ्या नजरेखाली त्या आणखी हळू जेवायला लागल्या, आणि मी आणखी टक लावून बघायला लागले. एका टेबलावर बसून आम्ही दोघी एकमेकींना छळत होतो.

मग केंद्राच्या चौगुले बाई आल्या. बोलायला गोड, हातात टॅब. फ्रिज उघडून पाहिला, डबे उघडून पाहिले. पोळ्यांच्या डब्यातलं फडकं उचललं.

"पोळ्या छान मऊ आहेत हो," त्या म्हणाल्या.

पोळ्या छान असायलाच हव्यात. मी मंगळवेढ्याची. आमच्याकडे तिन्ही त्रिकाळ भाकरी. लग्न होऊन आले तेव्हा वडिलांनी शेतातली ज्वारी पोतंभर पाठवली होती, टपोरी, मोत्यासारखी. सासूबाईंनी ती धुणंभांडी करणाऱ्या बाईला देऊन टाकली. "आमच्याकडे भाकरी कोणी खात नाही, वृंदा. पोळी शिकून घे." मी शिकले. तीन पदर सुटणारी, तेल लावून घडी घातलेली. पहिल्या पोळ्या त्यांनी नाक मुरडून बाजूला सारल्या होत्या. पुढे पाहुण्यांना सांगायला लागल्या की आमच्या सुनेच्या पोळ्या खाऊन बघा. पाहुण्यांनाच सांगायच्या, मला कधी नाही.

चौगुले बाई सासूबाईंच्या खाटेवर बसल्या. "आजी, घाबरू नका. सूनबाई वेळेवर जेवायला घालतात ना?"

मी दारात उभी होते. शिरीष माझ्या मागे होता. मेघनाताई खुर्चीत बसली होती.

सासूबाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "मला आता कोणाकडून काही नको."

चौगुले बाईंनी टॅबवर काहीतरी केलं. मेघनाताईने डोळ्याला रुमाल लावला आणि त्याच हाताने आईची बॅग भरायला घेतली. शिरीष म्हणाला, "थोडे दिवस ताईकडे राहू दे. वातावरण निवळेल." वातावरण! मी स्वयंपाकघरात गेले आणि पोळ्यांचा डबा बंद केला. भांडायचं त्राण नव्हतं.

त्या गेल्या. त्यानंतर मी खूप झोपले. शाळेतून यायचे आणि झोपायचे. पथ्याचं वेगळं नको, साय काढलेलं दूध वेगळं नको, चार वाजता चहा नको. मला सुटल्यासारखं वाटलं, हे कबूल करायला मला लाज नाही. फक्त पहाटे जाग यायची. गेले कित्येक महिने पहाटे मोरीतला नळ वाजायचा. सासूबाई अंधारात उठून काहीतरी धूत असायच्या, आणि सकाळी दोरीवर त्यांची साडी वाळत असायची. मला वाटायचं, सोवळ्याची नवी हौस. आता नळ वाजत नव्हता आणि मला जाग मात्र त्याच वेळी यायची.

शाळेत सगळ्यांना कळलं होतं. सहशिक्षिका माझ्याशी जपून, जरा हळू आवाजात बोलायच्या. आजारी माणसाशी बोलतात तसं. सोसायटीतल्या एका काकूंनी लिफ्टमध्ये मला विचारलं, "सासूबाई बऱ्या आहेत ना आता? तिकडे?" तिकडे या शब्दावर त्यांनी दिलेला जोर मला अजून ऐकू येतो. शिरीष रोज ताईकडे जाऊन यायचा आणि काही सांगायचा नाही. मीही विचारायचे नाही. जेवायला बसलो की दोघे फोनमध्ये बघायचो. मला भूकच लागत नव्हती. उरलेलं काहीतरी उभ्याउभ्या खाऊन मी भांडी घासायला घ्यायचे.

मेघनाताईने आईला वाढण्यात कसर ठेवली नाही, हे मला नंतर कळलं. खपली गव्हाची खीर, कणकेचे लाडू तूप सुटेपर्यंत भाजलेले, गरम पोळी, त्यावर लोणी. भोपळा, गाजर, लाल माठ. आई हळूहळू सगळं खायची. मेघनाताईने महिना वाट पाहिली. मग एका दुपारी पार्लर भरलेलं असताना तिने आईला आरशासमोर बसवलं. सगळ्यांना दाखवायचं होतं की लेकीकडचं ताट कसं असतं.

ताट पहिल्यापेक्षा रिकामं निघालं. भातसुद्धा नव्हता.

 संध्याकाळपर्यंत केंद्राचा निरोप मेघनाताईच्या फोनवर.

रविवारी दुपारी ती माझ्याकडे आली. चेहऱ्याला काही लावलं नव्हतं, केस नीट बांधले नव्हते. बाहेरच्या खोलीत बसली, पाणी प्यायली, भांडं खाली ठेवलं.

"मी घालते गं तिला खायला," ती म्हणाली. "शपथ. माझ्या हाताने भरवते. तू तरी विश्वास ठेव."

मला बरं वाटलं. लपवत नाही, आतून अगदी गार वाटलं. वाटलं, हिला असंच बसू दे, चौगुले बाई येऊ देत, फडकं उचलून तिच्या पोळ्या बघू देत. मला फक्त दार लावून घ्यायचं होतं. त्या वेळी मी ते केलं असतं, तर मला कोणी नाव ठेवलं नसतं.

"किती उतरल्यात?" मी विचारलं.

"फार. काल मोरीत बसून राहिली. उठता येईना तिला."

"मोरीत? पहाटे?"

"हो. का?"

मी चप्पल घातली. शिरीषला म्हणाले, गाडी काढ, आणि आता बघू म्हणू नकोस.

वाटेत ताईच्या घरून सासूबाईंना घेतलं. मिरजेला रविवारीही बघणाऱ्या एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंचं नाव शाळेतल्या कोणीतरी कोपरांच्या खाजेसाठी सांगितलं होतं, डॉक्टर इनामदार. माझ्या विद्यार्थिनी शोभाव्यात एवढ्या लहान. मेघनाताईने आल्या आल्या फोनमधली दोन्ही ताटं त्यांच्यापुढे धरली. त्यांनी ती पाहिलीच नाहीत. सासूबाईंची बाही वर केली आणि कोपर दिव्याखाली धरलं. मग दुसरं कोपर. मग गुडघे.

"दोन्हीकडे सारखंच आहे. कमरेखाली पण खाजतं का, आजी?"

सासूबाईंनी मान हलवली.

"पोट कसं आहे?"

"बरं आहे."

"शौचाला नीट होतं?"

"बरं आहे म्हटलं ना."

त्यांचा आवाज चढला होता. मी त्यांच्या शेजारी बसले. हात धरावासा वाटला नाही, म्हणून धरला नाही.

"आई," मी म्हणाले, "पहाटे नळ वाजतो तो मला ऐकू येतो."

त्या माझ्याकडे बघेनात. नाक तसंच ताठ होतं. मग त्या रडल्या. त्यांना रडताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं, सासरे गेले तेव्हासुद्धा. मेघनाताई भिंतीला टेकून उभी राहिली.

रक्त तपासलं, कोपराजवळची तिळाएवढी कातडी काढून तपासायला पाठवली, पोटाची तपासणी झाली. निकाल आला तेव्हा डॉक्टर इनामदारांनी आम्हा सगळ्यांना समोर बसवलं.

"सीलिॲक नावाचा आजार आहे," त्या म्हणाल्या. "गव्हात एक प्रथिन असतं, ते यांच्या शरीराला शत्रू वाटतं. ते पोटात गेलं की शरीर त्याच्याशी लढायला जातं आणि स्वतःचंच आतडं झिजवतं. आतड्याला आतून मखमलीसारखी लव असते, ती अन्न शोषून घेते. यांची लव सपाट झालीय. तुम्ही तूप घाला नाहीतर भोपळा घाला, सगळं वाहून जाणार. कोपरावरची खाज म्हणजे तीच लढाई कातडीपर्यंत आलेली. त्यावर बाहेरून कुठलाही लेप लावून उपयोग नव्हता."

"या वयात?" शिरीषने विचारलं.

"कुठल्याही वयात सुरू होतो."

"पण आरसा..." मेघनाताई म्हणाली.

"आरसा चुकला नाही. कातडीपर्यंत काय पोचलं ते त्याने बरोबर वाचलं. वाटेत कुठे हरवलं, ते त्याला कळत नाही. तो बनवणाऱ्यांनी धरून चाललं की पोचलं नाही म्हणजे वाढलंच नाही." मग त्या माझ्याकडे वळल्या. "घरात कोणाच्या हे आधी लक्षात आलं होतं का?"

 

शिरीष म्हणाला, "ही म्हणत होती. अंगी लागत नाही म्हणून."

"मग निदान झालंच होतं की," डॉक्टर म्हणाल्या. "अजून काही महिने असेच गेले असते, तर मला फार काही करता आलं नसतं. आता गहू बंद. कणीक, रवा, मैदा, शेवया, सगळं बंद. लव पुन्हा उगवते. तांदूळ चालेल, ज्वारी-बाजरी चालेल. भाकरी खाता ना, आजी?"

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या चित्राकडे पाहिलं. आतड्याचं चित्र होतं, गुलाबी.

 परतताना गाडीत मी मनात मोजत होते. इतक्या वर्षांत मी त्यांना किती पोळ्या वाढल्या असतील. प्रेमाने वाढल्या असं म्हणणार नाही, पण नेमाने वाढल्या. आणि गेलं वर्षभर त्यांतली प्रत्येक पोळी त्यांना आतून खरवडत होती. मेघनाताईच्या खिरीने तर घाईच केली. ती मागच्या सीटवर आईचा हात धरून बसली होती आणि मधूनच खिडकीकडे तोंड करत होती. विश्रामबागेच्या वळणावर शिरीषने गाडी हळू केली.

"मला वृंदाकडे जायचंय," सासूबाई म्हणाल्या.

मला आनंद झाला असं नाही. पहिल्यांदा मनात आलं ते साय, पथ्य आणि चार वाजताचा चहा. पण मी या म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

त्या दिवशी संध्याकाळी मी त्यांच्या खोलीत चादर घालत होते. त्या खुर्चीत बसल्या होत्या.

"तेव्हा गप्प का बसलात?" मी विचारलं. "त्या बाईंनी विचारलं तेव्हा?"

"लाज वाटली गं," त्या म्हणाल्या. "खाल्लं की तासाभरात धावायला लागायचं. कधी साडी खराब व्हायची. या वयात हे कोणाला सांगायचं? वाढते म्हटलं असतं, तर पुढचा प्रश्न आला असता, मग जातं कुठे."

"आणि माझ्यावर आलं ते?"

त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "तू सोसशील असं वाटलं."

मी चादरीचा कोपरा गादीखाली खोचला. मला राग आला होता. इतका, की तिथे उभं राहवेना. आरशाने आळ घेतला ते यंत्र होतं. यांनी मला ओळखून, विचार करून, पुढे ढकललं होतं. मी बाहेर आले आणि कितीतरी दिवस त्यांच्याशी कामापुरतंच बोलले.

कामापुरतं बोलूनही काम करावंच लागतं. मंगळवेढ्याहून भावाने ज्वारी पाठवली. गिरणीत गव्हाचं पीठ मिसळतं, म्हणून घरी दळायचं छोटं यंत्र आणलं. कणकेचा डबा घासून वर ठेवून दिला. रोज सकाळी शाळेत जायच्या आधी परातीत पीठ घ्यायचं, गरम पाणी घालायचं, मळायचं, थापायचं. इतक्या वर्षांत हात विसरले असतील असं वाटलं होतं. विसरले नव्हते. सासूबाई दूध घालून भाकरी कुस्करायच्या आणि मुकाट खायच्या. बरी का वाईट ते बोलायच्या नाहीत. डॉक्टरांच्या गोळ्यांनी आधी खाज थांबली. मग कोपरांवर नवी, गुलाबी, पातळ कातडी आली. मग पहाटेचा नळ थांबला. एकदा बांगड्या घालताना त्यांना तेल लावावं लागलं.

चौगुले बाई पुन्हा आल्या तेव्हा मेघनाताई मुद्दाम आली होती. चौगुले बाईंनी या वेळी हातातला छोटा आरसा आणला होता. तो त्यांनी सासूबाईंच्या चेहऱ्यासमोर धरला. ताट भरलं होतं. काठोकाठ नाही, पण भरलं होतं. मध्ये भाकरी दिसत होती, यंत्राने काढलेली, एकदम गोल.

"छान," चौगुले बाई म्हणाल्या. "आजी, सूनबाई वेळेवर जेवायला घालतात ना?"

"घालते," सासूबाई म्हणाल्या. मग त्या जागेवरून उठून उभ्या राहिल्या. "आधीही घालत होती. तुम्ही आला होतात तेव्हाही घालत होती. मी बोलले नाही, ते मी वाईट केलं. हे लिहून घ्या."

चौगुले बाई ओशाळल्या. "आजी, मागचं आता बदलता येत नाही त्यात. मी आजचं लिहिते, चांगलं लिहिते."

"मग काय उपयोग तुमच्या त्याचा?" सासूबाई म्हणाल्या.

मेघनाताईने माझ्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते. आधीही घालत होती, या वाक्याची मी किती वाट पाहिली होती. वाटलं होतं, ते ऐकलं की मी रडेन, किंवा चार शब्द सुनावेन. तसं काहीच झालं नाही. मी थकले होते. सगळ्यांना चहा केला, चौगुले बाईंना दारापर्यंत सोडलं. मेघनाताई पार्लर उघडायला गेली.

मी परत आत आले तेव्हा स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज होता. सासूबाईंनी परात ओट्यावर काढली होती आणि त्यात पीठ घेतलं होतं, खूपच जास्त. पाणीही जास्त झालं होतं. दोन्ही हात पिठात बुडाले होते आणि कपाळाला पीठ लागलं होतं.

"काय करताय?"

"तू बस तिथे."

"आई, मी करते. तुम्हाला जमायचं नाही."

"बस म्हटलं ना."

मी बसले. उभ्याने खायची एवढी सवय झाली होती, की जेवणाच्या टेबलाशी नुसतं बसून राहणं मला अवघड वाटलं. त्या थापत होत्या. पीठ एका बाजूला पळत होतं. कडा फाटत होत्या, त्या बोटाने सांधत होत्या, पुन्हा फाटत होत्या. तव्यावर टाकताना भाकरीचे दोन तुकडे झाले. त्यांनी ते शेजारी शेजारी ठेवले, पाण्याचा हात फिरवला आणि शेगडीसमोर उभ्या राहिल्या. आयुष्यात पहिल्यांदा भाकरी करत होत्या.

त्यांनी ती ताटलीत घातली आणि माझ्यासमोर ठेवली. बरोबर तेल-चटणी. मग समोरच्या खुर्चीत बसल्या.

"खा," त्या म्हणाल्या. "माझ्यासमोर खा. म्हणजे मला आरशाला विचारायला नको."

वाफ येत होती. करणारीच्या वाट्याला गरम भाकरी कधी येत नाही, सगळ्यांचं होईपर्यंत तिची गार होते. मी तुकडा मोडला, तेव्हा बोटांना चटका बसला. मला भूक लागली होती. कधीपासून लागली होती कोण जाणे.

भाकरी मध्ये कच्ची होती. मी सगळी खाल्ली.